दोन पॉइंट फॅट

लिंबाचीवाडी, ता. जत
११ ऑगस्ट २०२५

चि. सोनियास सिद्धू तात्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू तिकडं कोयनेच्या पावसात भिजत असशील, आम्ही इकडं ढगाकडं बघत बसलोय. बाकी तब्येतीनं सगळे ठीक.

पत्रास कारण, दूध संस्थेचा कॉम्प्युटर. सकाळचं दूध चालू असताना पडदा निळा झाला आणि तसाच राहिला. जतच्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, तात्या, हे आता म्युझियममध्ये ठेवा. मी म्हटलं, तिथं मलाही ठेवतील, पण तोवर दोघांना काम आहे. शेवटी त्यानं जुनंच विंडोज पुन्हा घालून दिलं. तुझ्या वडलांनी, म्हणजे आण्णानं, पिशवीत जपलेल्या सीडीवरून दुधाचा प्रोग्रॅमही घातला. मशीन चालू होतं, पण आत काही जागेवर न्हाई. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन येतात. कंट्रोल पॅनेलमध्ये आण्णा ज्या चिन्हांवर बोट ठेवायचा ती चिन्हंच गायब. फॅटचं यंत्र फॅट मोजतं, पण आकडा कॉम्प्युटरवर जात न्हाई, मग फॅटवरून भावाची चिठ्ठी कशी निघणार?

यंत्राच्या आकड्याच्या खिडकीवर आण्णानं काळी चिकटपट्टी लावली होती, धूळ जाऊ नये म्हणून. ती सोलली आणि आत बघून हातानं चिठ्ठ्या लिहितोय. पण हाताच्या चिठ्ठीवर कुणाचा विश्वास बसत न्हाई. नानासो, ज्याच्या गोठ्यात वाडीतल्या सगळ्यात जास्त गाई, तो रोज विचारतो, तात्या, चष्म्याचा नंबर कवा काढला होता. आण्णा जाऊन दोन वर्षं झाली. संस्था त्याच्या मागं मी सांभाळतोय, आणि माझ्या हातात असताना ती बुडाली असं व्हायला नको.

फोनवर सांगू नको. तोफखान्यात कान गेले ते गेले. समोरच्याचे ओठ बघून कळतं, फोनला ओठ न्हाईत. पत्रात सविस्तर हुकूम लिही, मी तामील करतो.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा तात्या


कोयनानगर
१७ ऑगस्ट २०२५

ती. तात्यांस सोनियाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घाबरू नका, हरवलेलं काहीच नाही. विंडोज नव्याने घातलं की ते कारखान्यातून आल्यासारखं होतं. आण्णांनी त्यात जे बदल केले होते ते पुसले गेले, एवढंच.

कंट्रोल पॅनेल उघडा. डाव्या हाताला निळ्या अक्षरांत 'क्लासिक व्ह्यू' असेल, त्यावर दाबा. चिन्हं परत दिसतील. त्यात पृथ्वीच्या गोळ्याचं एक आहे. ते उघडून 'लँग्वेजेस' नावाच्या पट्टीवर जा आणि खालच्या दोन रिकाम्या चौकोनांपैकी पहिल्यात खूण करा. मशीन विंडोजची सीडी मागेल, ती द्या. बंद होऊन पुन्हा चालू झालं की मराठी दिसेल. त्याच खिडकीत देश अमेरिका असेल, तो भारत करा. नाहीतर चिठ्ठीवर तारखेच्या आधी महिना छापला जाईल आणि नानासोंना आणखी एक विषय मिळेल.

यंत्राचा आकडा न येण्याचं कारण वेगळं आहे. यंत्र ज्या वेगाने आकडे पाठवतं, त्याच वेगाने ऐकायला कॉम्प्युटरला सांगावं लागतं. तो वेग यंत्राच्या पाठीमागच्या पत्र्यावर कोरलेला असतो. दुधाच्या प्रोग्रॅममध्ये 'यंत्र सेटिंग' नावाचं पान आहे, तिथे तोच आकडा घाला.

एक विनंती. 'झालं' किंवा 'ओके' असं लिहू नका. पडद्यावर जे दिसतं ते दिसतं तसं लिहा. मी इथून फक्त तुमच्या अक्षरांतून बघते.

मी बरी आहे. वीजगृहात मीटर तपासण्याचं काम आहे, पाळ्या बदलत्या आहेत, झोप कमी होते. कपडे वाळत नाहीत. याहून नवीन काही नाही.

लोभ चालू ठेवावा.
सोनिया


लिंबाचीवाडी
२६ ऑगस्ट २०२५

चि. सोनियास तात्याचे आशीर्वाद. वि. वि.

पडद्याचा नकाशा पेन्सिलीनं काढून सोबत जोडला आहे. सवयीनं उत्तर दिशाही दाखवली आहे, ती सोडून दे.

हुकमाप्रमाणं सगळं केलं. क्लासिक व्ह्यू सापडला. पृथ्वीचा गोळा सापडला. भारत केला. मराठी दिसली तवा बना वहिनीनं, म्हणजे तुझ्या आईनं, पडद्याला हळदीकुंकू लावलं, ते पुसायला अर्धा तास गेला. यंत्राचा वेग घातला आणि फट्‌कन आकडा आला, चिठ्ठीही निघाली. नानासोनं ती उजेडाकडं धरून नोट बघतात तशी बघितली.

पण एक बिघाड राहिलाय. सगळ्यांचं फॅट वाढलंय. राहीबाईच्या म्हशीला वर्षानुवर्षं सहा पॉइंट आठ लागायचं, आता सात लागतं. नानासोच्या गाईंना तीन पॉइंट सहा लागायचं, आता तीन पॉइंट आठ. मी हातानं लिहीत होतो तेव्हापासूनच असं येतंय, पण तवा वाटलं माझीच नजर चुकते. लोक खूश आहेत. म्हणतात तात्याचा हात लागला आणि म्हशी सुधारल्या. पण म्हस कॉम्प्युटर बदलल्यानं सुधारत न्हाई एवढं मला कळतं. कुठली तरी सेटिंग राहून गेलीय. ती सांग, म्हणजे पूर्ववत करतो.

दुसरी काळजी. संध्याकाळी टँकर दूध नेतो, शीतकरण केंद्रावर त्याचं फॅट पुन्हा मोजतात. आण्णाच्या काळापासून तिथलं फॅट आपल्यापेक्षा थोडं जास्त भरायचं, त्या जादा फॅटचे पैसे, म्हणजे वाढावा, संस्थेला मिळायचा. त्या वाढाव्यातूनच आपण दिवाळीला दूध घालणाऱ्या घरांना स्टीलचं भांडं देतो, हे तुला ठाऊकच आहे. एका वर्षी घागर, एका वर्षी परात. आता टँकरचा आकडा आणि आपला आकडा एकच येतो. वाढावा शून्य. यंदा भांडं कुठून द्यायचं? आण्णा देत होता आणि तात्यानं बंद केलं, असं माझ्या तोंडावर बोलतील. बोललेलं ऐकू येणार न्हाई, पण ओठ दिसतीलच.

घाईनं कळव.
तात्या


कोयनानगर
१ सप्टेंबर २०२५

ती. तात्यांस सोनियाचा नमस्कार.

नकाशा चांगला आहे. मला सगळं दिसलं.

उत्तर देण्याआधी एक तपासणी हवी आहे. एकाच म्हशीचं दूध नीट ढवळून तीन बाटल्यांत भरा. एक आपल्या यंत्रावर लावा, एक शेजारच्या गावच्या संस्थेत न्या, एक टँकरवाल्याकडून केंद्रावर पाठवा. तिन्हीकडचे आकडे मला कळवा. आपल्या यंत्रावर मोजताना खिडकीतला आकडा आणि कॉम्प्युटरवरचा आकडा दोन्ही लिहा.

हे होईपर्यंत कुठलीही सेटिंग बदलू नका. आईला यातलं काही सांगायची घाई करू नका.

कृपा असू द्यावी.
सोनिया


लिंबाचीवाडी
८ सप्टेंबर २०२५

चि. सोनियास आशीर्वाद.

राहीबाईची म्हस घेतली. आपल्या खिडकीत सात, कॉम्प्युटरवर सात, शेजारच्या गावी सात, केंद्रावर सात. चारी तोफांचे गोळे एकाच जागी पडले.

म्हणजे आता बरोबर आहे, असं का? मग आधी काय होतं? हे लिहिताना मला बरं वाटत न्हाई. काय ते सरळ लिही.

तात्या


कोयनानगर
१३ सप्टेंबर २०२५

ती. तात्यांस सोनियाचा सा. न. वि. वि.

सरळ लिहिते.

'यंत्र सेटिंग' या पानावर वेगाच्या खाली आणखी एक रकाना आहे, 'फॅट दुरुस्ती'. यंत्र जुनं होऊन थोडं जास्त किंवा कमी दाखवायला लागलं, तर तिथे आकडा घालून ते सरळ करतात. आता तो रकाना रिकामा आहे. आधी तिथे वजा दोन पॉइंट, म्हणजे वजा शून्य पॉइंट दोन, असणार. यंत्र सात मोजायचं, कॉम्प्युटर त्यातून दोन पॉइंट काढून सहा पॉइंट आठ छापायचा. खिडकीवरची पट्टी धुळीसाठी नव्हती. खिडकीत खरा आकडा दिसत होता.

यंत्रात दोष असता तर दुरुस्ती योग्य ठरली असती. तुमच्या चार आकड्यांवरून यंत्रात दोष नाही. वाढावा तिथूनच येत होता. भांडी ज्यांना मिळाली, ती त्यांच्याच दुधातून आली होती.

पट्टी आण्णांनी लावली, असं तुम्हीच लिहिलं आहे. यापुढे मला काही लिहायचं नाही. हे मी दोनदा वाचून पाहिलं, चूक सापडली नाही. सापडावी असं वाटत होतं.

तुम्ही विचारलं होतं की कोणती सेटिंग राहिली. ती हीच. ती मी घालून देणार नाही.

रागावला असाल, तरी लोभ ठेवावा.
सोनिया


लिंबाचीवाडी
१८ सप्टेंबर २०२५

चि. सोनिया,

आशीर्वाद आहेच.

माझा भाऊ चोर न्हवता. त्यानं एक पैसा घरी नेला असता तर हे घर असं पत्र्याचं राहिलं असतं का? काढलं ते सगळं परत वाटलं. मग चोरी कुठं झाली? या खिशातून काढून त्या खिशात घातलं, एवढंच.

दिवाळी तोंडावर आलीय. लोकांना खरं सांगितलं तर मेलेल्या माणसाला वाडी शिव्या घालील, आणि न सांगता भांडं बंद केलं तर मला. तिसरा रस्ता एकच, तो रकाना गपचूप भरायचा आणि पट्टी परत लावायची. रकाना कुठं आहे ते तूच लिहिलंस, वजा कसं घालायचं तेवढं कळव. आजवर तुझ्यासमोर हट्ट केला न्हाई. आज करतोय.

तात्या


लिंबाचीवाडी
घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी

चि. सोनूस आईचा आशीर्वाद.

तुजी पत्रं तुजा तात्या मला वाचून दाखवतो. त्याला वाटतं हळू वाचतोय. त्यामुळं ती पलीकडच्या आळीला बी पाठ हायेत. फोनवर हे बोलले न्हाई, कारण फोनवर मी बोलले की तात्या सोडून सगळी वाडी ऐकती.

आता नीट वाच. ती दोन पॉइंट तुज्या आण्णानं काढली, पण मागितली आमी बायांनी.

आदी दुधाचं पैसं हातात मिळायचं. बाई दूध घालायला आली की चार नोटा तिच्या हाताला लागायच्या. मग सगळं बँकेत जाया लागलं. पासबुक गड्याच्या नावाचं. धार काढायची आमी, शेण काढायचं आमी, आन चहाच्या पावडरीला हात पसरायचा. राहीबाई पहिल्यांदा माज्याजवळ रडली. मग दुसरी आली, मग तिसरी. मी आण्णाला म्हणलं काय तरी कर. त्यो लय दिवस न्हाई म्हणत हुता. मग म्हणाला, पैसं दिलं तर गडी तेबी काढून घेतील. भांडं देतो, आन भांड्यावर बाईचं नाव घालून देतो. नाव घातलेलं भांडं कुणी इकत न्हाई.

माज्या घागरीवर माजं नाव हाय, सोनू. बनाबाई नाथाजी न्हवं, नुसतं बनाबाई. सातबाऱ्यावर न्हाई, पासबुकावर न्हाई, त्या घागरीवर हाय.

आन ती पट्टी मीच लावली. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली की जुनी सोलायची, नवी लावायची. तात्याला धुळीचं सांगितलं, कारण त्येच्या पोटात काय राहत न्हाई.

तू चोरी म्हणलीस. पत्रात तसा शब्द न्हाई, पण मी तुजी आई हाय, मला कळतं. सगळ्या बायांना ठावं हुतं. तवा घाल त्यो आकडा आन जीव सोडव समद्यांचा. लय दमल्यासारखं लिहितीस. जेवतीस का वेळेवर?

आई


कोयनानगर
२८ सप्टेंबर २०२५

ती. आईस सोनियाचा नमस्कार.

जेवते.

चोरी हा शब्द मनात आला होता. तुझं पत्र वाचून गेला. पूर्ण गेला असं लिहिलं तर ते खरं होणार नाही.

आमच्या कामात मीटरला दुरुस्ती देणं चुकीचं नसतं. पण दिली की मीटरवर एक कागद चिकटवावा लागतो, कोणी दिली आणि कशासाठी. तुम्ही कागदाच्या जागी पट्टी चिकटवली. फरक तेवढाच आहे, आणि तो लहान नाही.

सगळ्या बायकांना माहीत होतं, हे मी मान्य करते. मला फक्त बिराप्पांचं सांग. वस्तीवर एकटे राहतात, म्हशींची धार स्वतः काढतात, स्वतः दूध घालतात. त्यांच्या घरात बाई नाही. त्यांच्याही दुधातून दोन पॉइंट गेले. त्यांना कोणी विचारलं होतं का? तू माझ्यासारखा विचार केलास तर तुलाही याचं उत्तर नको वाटेल.

हे तात्यांना वाचायला दे, त्यांनी मोठ्याने वाचलं तरी चालेल. रकाना भरायचा असेल तर संस्थेची सभा घ्या, सगळं उघड सांगा, आणि सगळ्यांनी हो म्हटलं तर तात्यांनी सगळ्यांसमोर आकडा घालावा. कसा घालायचा ते मी लगेच कळवीन. पण हे आधीच माहीत असू दे की त्या रकान्यात एकच आकडा बसतो, सगळ्या वाडीला मिळून एक. एकाला सोडून बाकीच्यांचं काढायचं, हे त्या प्रोग्रॅमला जमत नाही. एकजण जरी नाही म्हणाला, तरी शून्य ठेवावं लागेल.

आण्णांचं नाव सभेत निघेल. मला त्याची भीती वाटते. तरी सांगावं, असंच माझं मत आहे.

माया आहे, ती लिहिता येत नाही म्हणून नाही असं समजू नकोस.
सोनू


लिंबाचीवाडी
९ ऑक्टोबर २०२५

चि. सोनियास तात्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सभा झाली. वृत्तांत तुझ्या शिस्तीनं, दिसला तसा लिहितो.

संस्थेसमोर लिंबाखाली सगळे जमले. मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि रकाना, पट्टी, वाढावा, भांडं, सगळं सांगितलं. भाऊ माझा होता हेही सांगितलं. सांगून झाल्यावर एकदम शांत वाटलं. म्हटलं आपल्याला ऐकू येत न्हाई म्हणून असेल, तर तुझ्या आईकडं बघितलं. तीही गप्प. म्हणजे खरंच शांत होतं.

मग नानासो उठला. म्हणाला, एवढी वर्षं माझ्या गोठ्यातलं दोन-दोन पॉइंट नेलं, सगळ्याचा हिशोब पाहिजे, आजच पाहिजे. आण्णाला देव समजत होतो, म्हणाला. त्याच्या ओठांवर पुढचा शब्दही मला दिसला, तो लिहीत न्हाई.

राहीबाई पदर खोचून उठली. म्हणाली, भाऊजी, हिशोब करूच की. आदी घरला जाऊन तुमी ज्या परातीत भाकरी खाता ती आणा, आन तिच्यावर कुणाचं नाव हाय ते समद्यांना वाचून दाखवा. मग त्या नावाच्या बाईनं किती धारा काढल्या त्येचा हिशोब आमी देतो. नानासोची बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिला बघून बाकीच्या. नानासो खाली बसला. पुन्हा उठला, पण तोवर कुणी त्याच्याकडं बघत न्हवतं.

एकेक बाप्या हो म्हणत गेला. काहींनी मनापासून म्हटलं, काहींनी घरी जेवायचंय म्हणून. नानासोनंही शेवटी हात वर केला, कोपरापर्यंतच. राहता राहिला बिराप्पा. तो आपल्या जागेवरून उठला पण न्हाई. म्हणाला, मी न्हाई म्हणतो. मला इचारलं न्हाई. भांड्यावर माजं नाव घातलं, ते भणीला दिलं, तर तिच्या सासरी हसले की ही बाप्याच्या नावाची घागर घेऊन पाण्याला जाती. माज्या दुधात पाण्याचा थेंब न्हाई, मग आकड्यात खोट का? बायांनी समजावलं, हात जोडले. एक-दोघांनी दमही दिला. तो म्हणाला, मागितलं असतं तर दिलं असतं. काढलं, त्येला न्हाई.

तुझं पत्र खिशात होतं. एक न्हाई म्हणाला तर शून्य. मी सगळ्यांसमोर त्या रकान्यात शून्य घातलं. बायांचे चेहरे उतरले ते बघवत न्हवते. तुझी आई घरी येऊन चुलीपुढं बसली. मला वाटलं, आण्णानं इतकी वर्षं चालवलेलं मी एका शून्यात घालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेचं दार उघडतो तर उंबऱ्याजवळ एक मोठी किटली ठेवलेली. राहीबाई आली, कॅन मापावर ठेवायच्या आधी त्यातलं एक पळी दूध किटलीत ओतलं. नवरा शेजारी उभा होता, त्याच्या देखत ओतलं. पुढची आली, तिनंही ओतलं. नानासोच्या बायकोनं दोन पळ्या ओतल्या. मला कुणी काही सांगितलं न्हाई. तुझी आई मला म्हणाली, सोनूला कळवा, कॉम्प्युटरला हात लावायचं कारण न्हाई, आमी दुधातच काढतो. किटली शेवटी मापली, यंत्रावर लावली. पूर्ण फॅट लागलं. बिराप्पा बघत उभा होता. राहीबाईनं त्याच्यापुढं किटली धरून विचारलं. त्यानं पळी घेतली न्हाई, कॅनच वाकडा केला.

आता अडचण. किटलीला नवीन खाते क्रमांक पाहिजे. बँकेत राहीबाई, नानासोची बायको माया आणि तुझी आई, अशा तिघींच्या नावानं खातं उघडायचं ठरलंय. प्रोग्रॅममध्ये खातेदाराचं नाव घातलं, 'लिंबाखालच्या बाया'. ते घेतलं. पण खाली रकाना आहे, 'पतीचे किंवा वडिलांचे नाव', आणि तो भरल्याशिवाय पुढं जात न्हाई. लाल अक्षरं येतात. बाया हसून बेजार. एक म्हणाली माझ्या नवऱ्याचं घाला, दुसरी म्हणाली त्याचं नाव घातलं तर दूध नासंल. शेवटी राहीबाई म्हणाली, नाथाजी आण्णाचं घाला, हे त्यांनीच तर सुरू केलं. सगळ्या हो म्हणाल्या. तुझी आई उठून आत गेली.

तोवर किटलीचं दूध माझ्या क्रमांकावर घालतोय, ते मला पटत न्हाई. नाव घालू का? तुझा हुकूम येईपर्यंत थांबलो आहे.

तात्या


कोयनानगर
१३ ऑक्टोबर २०२५

ती. तात्यांस आणि ती. आईस सोनियाचा शि. सा. न. वि. वि.

तात्यांचं पत्र पाळीवर जाताना मिळालं, म्हणून लगेच लिहिते.

त्या रकान्यात आण्णांचं नाव घालू नका. प्रोग्रॅमला तिथे नाव लागत नाही, रकाना रिकामा नको एवढाच त्याचा आग्रह आहे. एक आडवी रेघ पुरते. वरच्या आकड्यांच्या ओळीत शून्याच्या उजव्या हाताला तिचं बटण आहे.

राहीबाईंना वाईट वाटलं तर सांगा, आण्णांचा मान कमी करायचा म्हणून मी हे लिहीत नाही. ते त्या सगळ्यांचे पती नव्हते आणि वडीलही नव्हते. जे होते, त्यासाठी या प्रोग्रॅममध्ये रकाना नाही. शिवाय ते जे करत होते ते लपवल्याशिवाय होत नव्हतं. किटली उघड्यावर आहे. तिला कोणाच्या नावाचा आडोसा लागू नये, असं मला वाटतं. आई आत का उठून गेली ते मला नक्की माहीत नाही, पण माझा अंदाज आहे की तिलाही हेच म्हणायचं होतं आणि इतक्या जणींसमोर स्वतःच्या नवऱ्याचं नाव नको म्हणणं तिला जमलं नाही. अंदाज चुकला असेल तर तिने मला सांगावं, मी मत बदलीन.

म्हणून ती रेघ तात्यांनी देऊ नये. आईने द्यावी. राहीबाई आणि मायाकाकी शेजारी असू देत.

मला लक्ष्मीपूजनाची सुट्टी मिळाली आहे. आण्णांबद्दल तुम्हा दोघांना बरंच विचारायचं आहे. पत्रात ते मला नीट मांडता येत नाही, समोर बसून कदाचित येईल. तात्या, मी हळू बोलेन आणि तोंड तुमच्याकडे ठेवीन.

रेघ दिली की लाल अक्षरं जातील आणि खाली 'जतन करा' असं येईल. आई, ते दाबल्याशिवाय उठू नकोस.

लोभ आहे तेवढा पूर्ण धरावा.
सोनिया